बंदुकीच्या कारखान्यातली सायकल

इंग्लंडहून आलेल्या जुन्या बीएसए सायकली आपल्याकडे काही घरांत अजून जपून ठेवलेल्या आहेत. हँडलच्या खाली, पुढच्या उभ्या नळीवर बसवलेला बिल्ला जरा पुसून पाहिला तर त्यावर तीन रायफली दिसतात. दस्ते जमिनीला टेकलेले, नळ्या वरच्या टोकाला एकमेकींच्या आधारानं उभ्या. पलटणीतले शिपाई विश्रांतीला थांबले की रायफली अशाच रचून ठेवत. सायकलीवर घोडा, हरीण, फार तर वाघ शोभला असता. रायफली कशासाठी?

कंपनीचं पूर्ण नाव बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. म्हणजे मुळात बंदुका करणारी कंपनी. पण एवढं कळल्यानं कोडं सुटत नाही, उलट वाढतं. बंदुका करणाऱ्यांना सायकल करावीशी का वाटली? वाटली तर ती इतकी चांगली कशी जमली? आणि पुढे त्याच कारखान्यातून मोटरसायकल कशी निघाली?

ही गोष्ट एकट्या बीएसएची असती तर योगायोग म्हणून सोडून देता आली असती. पण स्वीडनची हुस्क्वार्ना मुळात राजाचा बंदुकांचा कारखाना. तिनं १८९६ मध्ये सायकल आणि १९०३ मध्ये मोटरसायकल केली. (तिच्या काही मोटरसायकली हल्ली पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होतात.) बेल्जियमची एफएन, चेकोस्लोव्हाकियाची सीझेड यांचाही प्रवास बंदूक, सायकल, मोटरसायकल असाच. आपल्या ओळखीच्या रॉयल एनफिल्डच्या चिन्हात तोफ आहे आणि तिच्या नावातलं एनफिल्ड हे इंग्लंडच्या सरकारी रायफल कारखान्याचं गाव. इतक्या जणांचा रस्ता एकच असेल तर त्यामागे कारण असणार. ते कारण बीएसएच्या उदाहरणातून फार स्वच्छ दिसतं.

एकीचा घोडा दुसरीला बसेना

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बर्मिंगहॅममध्ये बंदूक हातानं होत असे. शहराचा एक अख्खा भागच बंदूकवाल्यांचा होता. एका गल्लीत नळी भोकायची, दुसरीत अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता तासायचा, तिसरीत घोडा आणि चाप घडवायचा. शेवटचा कारागीर हे सगळे भाग पुढ्यात घ्यायचा आणि कानस मारून मारून एकमेकांत बसवायचा. बंदूक उत्तम व्हायची, पण तिचे भाग तिचेच. शेजारच्या बंदुकीचा घोडा काढून हिला लावू म्हटलं तर बसायचा नाही.

आपल्याकडच्या जात्याचं असंच असतं. खालची तळी आणि वरची तळी एकमेकींवर घासत घासत, टाकी लावून एकमेकींसाठी तयार होतात. एका घरच्या जात्याची वरची तळी दुसऱ्या घरच्या खालच्या तळीवर ठेवली तर दळण नीट पडणार नाही. जातं पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी राहतं म्हणून ते चालून जातं. रणांगणावर हजारो बंदुका एकदम वापरात असतात. तिथे चापाची कळ मोडली तर ती घडवणारा कारागीर बर्मिंगहॅममध्ये आणि बंदूक क्रिमियात, अशी अवस्था.

क्रिमियाचं युद्ध पेटलं तेव्हा ब्रिटिश सरकारनं एनफिल्डच्या आपल्या कारखान्यासाठी अमेरिकेतून यंत्रं मागवली. त्यातलं एक मला विशेष आवडतं. दस्त्यासारखी वेडीवाकडी वस्तू यंत्रावर कशी करायची? त्यासाठी दस्त्याच्या आकाराचा लोखंडी नमुना यंत्रात बसवत आणि शेजारी लाकडाचा ओंडका. दोन्ही एकाच वेगानं फिरत. नमुन्यावर एक गुळगुळीत चकती टेकलेली असे, तिला जोडलेलं कापायचं पातं लाकडावर. नमुना जिथे फुगीर असेल तिथे चकती मागे ढकलली जाई, तिच्याबरोबर पातंही मागे सरके. नमुन्याचा आकार जसाच्या तसा लाकडात उतरे. पन्नासावा दस्ता पहिल्यासारखाच.

बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी यातला धोका ओळखला. आपण हातानं करतोय तोवर सरकारचा कारखाना यंत्रांवर कितीतरी पटीनं माल काढेल आणि आपल्याला काम उरणार नाही. जून १८६१ मध्ये चौदा बंदूकवाल्यांनी एकत्र येऊन बीएसए स्थापन केली, ती यंत्रावर बंदुका करायच्या या एकाच उद्देशानं. स्मॉल हीथ इथे २५ एकर जमीन घेतली, कारखाना बांधला आणि त्याच्या रस्त्याला आर्मरी रोड हे नाव दिलं. १८६३ मध्ये तुर्कस्तानकडून २०,००० रायफलींची मागणी आली.

जातो आणि अडतो

यंत्र आलं म्हणजे सगळे भाग आपोआप एकसारखे होतात, असा समज असतो. तसं नसतं. कापायचं पातं झिजतं, पोलाद तापतं, यंत्राची पकड सैल होते. सकाळी केलेलं भोक आणि संध्याकाळी केलेलं भोक यांत केसाएवढा फरक पडतोच. मग एकसारखेपणा येतो कुठून? तो मापकातून येतो, ज्याला कारखान्यात गेज म्हणतात.

समजा, एक इंच व्यासाचं भोक करायचंय. नेमकं एक इंच कधीच होणार नाही हे आधीच मान्य करायचं आणि विचारायचं, किती कमी आणि किती जास्त चालेल? ती मर्यादा ठरली की कडक पोलादाचा एक दांडा करायचा. त्याचं एक टोक कमीत कमी चालणाऱ्या मापाचं, दुसरं जास्तीत जास्तपेक्षा किंचित मोठं. पहिलं टोक भोकात गेलंच पाहिजे, दुसरं अडलंच पाहिजे. पहिलं गेलं आणि दुसरं अडलं तर माल पास. कामगाराला आकडा वाचावा लागत नाही, अंदाज करावा लागत नाही. हजार भोकं हजार माणसांनी पाडली तरी प्रत्येकात तोच आस बसतो, कानस न लावता.

म्हणजे बीएसएकडे आता नुसता बंदुकीचा कारखाना राहिला नव्हता. पोलादाचे छोटे भाग हजारोंच्या संख्येनं, एकमेकांत अदलाबदल होतील इतक्या काटेकोरपणे करायची सवय तिथल्या माणसांना लागली होती. या कंपनीचं खरं भांडवल ते होतं असं मला वाटतं. रायफल हा त्यातून निघालेला पहिला माल, इतकंच.

युद्ध नाही, तर काय करायचं?

बंदुकीच्या धंद्याची अडचण अशी की मागणी लाटांसारखी येते. युद्ध असलं की रात्रपाळी, नसलं की शुकशुकाट. १८७९ च्या सुमारास काम नसल्यामुळे स्मॉल हीथचा कारखाना वर्षभर बंद होता. यंत्रं गंजत होती आणि कुशल माणसं दुसरीकडे चालली होती.

१८८० मध्ये ओट्टो नावाचा एक गृहस्थ विचित्र वाहन घेऊन तिथे आला. दोन मोठी चाकं, पण एकामागे एक नव्हे, तर शेजारी शेजारी, आणि मधे बसलेला माणूस. त्यानं ते संचालकांच्या बैठकीत टेबलावर चालवून दाखवलं असं सांगतात. बीएसएनं ते बनवायचं काम घेतलं. पुढे आज आपण जिला सायकल म्हणतो, दोन सारख्या चाकांची आणि मागच्या चाकाला साखळी असलेली, तीही स्वतःच्या नावावर काढली. पण १८८७ मध्ये सैन्याकडून नव्या ली-मेटफर्ड रायफलीचं मोठं काम येताच सायकली बंद झाल्या. मागणी ओसरल्यावर १८९३ मध्ये पुन्हा सायकलीकडे वळले, आणि या वेळी सुरुवात केली हबपासून, म्हणजे चाकाच्या मधोमध असलेल्या तुंब्यापासून. अख्खी सायकल सोडून आधी हबच का, याचं उत्तर हब उघडल्यावर मिळतं.

हबच्या पोटात

सायकलच्या दुकानात ओव्हरऑइलिंगला टाकलेली सायकल एकदा जवळून पाहावी. मेकॅनिक चाक काढतो, आसाच्या एका बाजूचा नट सोडवतो, कोन फिरवून काढतो आणि काळ्या ग्रीसमधून छर्रे परातीत पडतात. रॉकेलमध्ये धुतल्यावर ते चकाकतात. मग तो हबमधली वाटी बोटानं चाचपतो, कोनाची कड उजेडात धरतो. त्यावर बारीक खळगे पडलेले असले तर मान हलवतो. नवा कोन घालावा लागणार.

चाकाचा सगळा भार या छर्‍यांवर असतो. वाटी आणि कोन यांच्यामधल्या खाचेत ते घसरत नाहीत, गडगडतात, म्हणून घर्षण कमी होतं. पण यात दोन अटी आहेत. पहिली, सगळे छर्रे एका मापाचे हवेत. एखादा छर्रा केसभर मोठा असेल तर भार त्या एकट्यावर येतो आणि खाच उखडायला लागते. दुसरी अट जास्त अवघड आहे. वाटीचा आणि कोनाचा पृष्ठभाग काचेसारखा कडक हवा, पण आतलं पोलाद चिवट हवं. सगळंच कडक केलं तर पहिल्या खड्ड्यात तडकेल, सगळंच मऊ ठेवलं तर छर्रे त्यात रुततील.

बंदूकवाल्यांना याचं उत्तर केव्हाच माहीत होतं. पोलाद कडक होतं ते त्यातल्या कर्बामुळे. कमी कर्ब असलेल्या चिवट पोलादाचा भाग घ्यायचा, कोळशाच्या आणि जाळलेल्या हाडांच्या भुकटीत गाडून पेटी बंद करायची आणि कित्येक तास लालबुंद ठेवायची. भुकटीतला कर्ब पोलादात शिरतो, पण फक्त वरच्या थरात, मिलिमीटरभर. मग तो भाग एकदम थंड करायचा, लोहाराच्या भाषेत पाणी पाजायचं. बाहेरची साल कडक होते, गाभा चिवट राहतो. बंदुकीच्या घोड्याला आणि चापाच्या कळीला हीच प्रक्रिया लागते, कारण तिथे दोन बारीक कडा एकमेकींवर घासत राहतात आणि त्यांच्यावर स्प्रिंगचा जोर असतो.

मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलमध्ये तर बंदुकीतली युक्तीच जवळजवळ जशीच्या तशी येते. रायफलीत ताणलेला घोडा अडकून राहतो, कारण स्प्रिंगनं दाबलेली एक छोटी कळ त्याच्या खाचेत रुतलेली असते. फ्रीव्हीलमध्ये आतल्या भागावर स्प्रिंगनं बाहेर ढकललेल्या दोन छोट्या खिट्या असतात. मेकॅनिक त्यांना कुत्रे म्हणतात. बाहेरच्या कड्याला आतून तिरके दात असतात. पेडल मारलं की दाताची उभी बाजू कुत्र्यावर अडते आणि चाक पुढे ढकललं जातं. पेडल थांबवलं की दातांची उतरती बाजू कुत्र्यावरून सटकत जाते, तो दबतो आणि पुन्हा उठतो. उतारावर ऐकू येणारी टकटक ती हीच. एवढ्याशा खिटीच्या टोकावर माणसाच्या पायाचा सगळा जोर येतो. ती ज्यानं घडवायची त्याला माप आणि कडकपणा या दोन्हींची जाण हवी.

पितळेनं सांधलेल्या नळ्या

हबनंतर बीएसएनं सायकलीचे बाकीचे भागही करायला घेतले, आणि एक हुशारीचा धंदा उभा केला. इंग्लंडभर गावोगावी सायकल जोडणारे छोटे दुकानदार होते. त्यांना बीएसए पूर्ण सायकल विकत नसे, भागांचा संच विकत असे: हब, क्रँक, चेनव्हील, चिमट्याचा माथा आणि लग. लग म्हणजे फ्रेमच्या सांध्यावरची पोलादी कोपरी. दुकानदारानं नळ्या कापायच्या, लगमध्ये घालायच्या आणि पितळेनं जोडायच्या.

पितळ साधारण ९०० अंशाला वितळतं, पोलाद १,५०० च्या आसपास. सांधा लाल होईपर्यंत तापवला की पितळ वितळतं आणि नळी व लग यांच्यामधल्या फटीत आपोआप ओढलं जातं, दिव्याच्या वातीत तेल चढतं त्याच नियमानं. नळ्या मात्र वितळत नाहीत. या सांध्याची ताकद फटीवर ठरते. फट फार रुंद असेल तर पितळ ओढलं जात नाही, अगदीच नसेल तर शिरतच नाही. म्हणून लगचं भोक नेमक्या मापाचं हवं, आणि बीएसएचा लग तसा असे. खेड्यातल्या दुकानात जोडलेली सायकलही त्यामुळे पक्की होई. गेजची शिस्त अशी कारखान्याबाहेर, ज्यानं गेज कधी पाहिलंही नाही अशा माणसाच्या हातापर्यंत पोचली.

गोळी परत येत नाही, पिस्टन येतो

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सायकलीच्या फ्रेममध्ये बाहेरचं इंजिन बसवून लोक मोटरसायकल म्हणून चालवू लागले. फ्रेम लगेच कुरकुरायला लागल्या. माणूस सलग पेडल मारतो तेव्हा एक अश्वशक्तीचा फार तर सातवा-आठवा भाग देतो, तोही सौम्यपणे. इंजिनची तऱ्हा वेगळी. चार ठोक्यांच्या इंजिनात पिस्टन खाली जाताना पेट्रोल-हवेचं मिश्रण आत घेतो, वर येताना दाबतो, मग ठिणगी पडून स्फोट होतो आणि तो खाली ढकलला जातो, आणि चौथ्या फेरीत वर येत धूर बाहेर काढतो. जोर मिळतो तो चारातून एकदाच, आणि तो धक्क्याच्या रूपात. प्रत्येक धक्का साखळीला किंवा पट्ट्याला, हबला आणि सांध्यांना सोसावा लागतो.

बीएसएनं आधी मोटरसायकलवाल्यांना जाड भाग पुरवले, १९०५ मध्ये एक प्रयोग करून पाहिला आणि पूर्ण स्वतःची मोटरसायकल काढायला नोव्हेंबर १९१० उजाडला. ४९९ सीसीचं एक सिलिंडर, साडेतीन अश्वशक्ती, मागच्या चाकाला पट्टा. लंडनच्या ऑलिम्पिया प्रदर्शनात ती मांडली गेली आणि पुढची काही वर्षं जेवढ्या केल्या तेवढ्या खपल्या.

इंजिन करणं त्यांना परकं नव्हतं. बंदुकीच्या नळीत जळणारा वायू गोळीला ढकलतो, इंजिनच्या सिलिंडरमध्ये तो पिस्टनला ढकलतो. दोन्हीकडे भोक सरळ, गोल आणि गुळगुळीत हवं. गोळी मात्र परत येत नाही; पिस्टन मिनिटाला हजारो वेळा परत येतो, तापून फुगतो आणि तेलाच्या पातळ थरावर सरकतो. म्हणून सिलिंडर आणि पिस्टन यांच्यामधली जागा मिलिमीटरच्या छोट्या अंशात सांभाळावी लागते. नळ्या भोकण्यात आयुष्य घालवलेल्या माणसांसाठी हे जुन्याच कामाचं अवघड रूप होतं.

दुसऱ्या महायुद्धात बीएसएनं सैन्यासाठी एम२० ही मोटरसायकल सव्वा लाखाच्या आसपास बनवली, घडी घालून विमानातून नेता येईल अशी सायकल बनवली आणि रायफली व मशीनगन तर बनवल्याच. १९ नोव्हेंबर १९४० च्या रात्री स्मॉल हीथवर जर्मन बॉम्ब पडले. कामावर असलेले ५३ जण मेले. त्यानंतर काम देशभर ठिकठिकाणी विखुरलं गेलं, आणि वेगवेगळ्या गावांत केलेले भाग एकत्र आणून बंदुका जुळत राहिल्या. सगळ्यांकडे मापं एकच होती. हाती कानस घेऊन बसणाऱ्या जुन्या गल्ल्यांना ते जमलं नसतं.

आरशातली मोटरसायकल

युद्धानंतरच्या बीएसएच्या मोटरसायकलींत दोन नावं आजही निघतात. गोल्ड स्टार ही शर्यतीची. १९३७ मध्ये वॉल हँडलीनं ब्रूकलंड्सच्या मार्गावर बीएसएवरून ताशी शंभर मैलांच्या वर फेरी मारली, त्याबद्दल मिळालेल्या सोन्याच्या ताऱ्याच्या पिनवरून तिचं नाव पडलं. तिचं प्रत्येक इंजिन चाचणीच्या बाकावर चालवून किती शक्ती देतं ते पाहत आणि तो आकडा गिऱ्हाइकाला देत.

मला मात्र दुसरी जास्त महत्त्वाची वाटते. १९४८ मध्ये आलेली बँटम ही तारवाल्यांची, कामगारांची, पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्यांची मोटरसायकल. तिचा आराखडा मुळात जर्मन. सॅक्सनीतल्या त्शोपाऊ इथल्या डीकेडब्ल्यूची आरटी १२५, जिचे नकाशे युद्धाची भरपाई म्हणून ब्रिटिशांच्या हाती आले. बीएसएनं आराखडा आरशात पाहावा तसा उलटा केला, कारण ब्रिटिश माणसाला गिअर उजव्या पायाशी लागायचा. याच आरटी १२५ वरून अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसननं आणि रशियात सोव्हिएत कारखान्यांनी मोटरसायकली बनवल्या, आणि १९५५ मध्ये जपानच्या यामाहानं तर आपली पहिलीच मोटरसायकल बनवली.

सगळ्यांना ती हवी होती, कारण तिचं इंजिन दोन ठोक्यांचं होतं. त्यात वर झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीत भोकं असतात आणि पिस्टनच वर-खाली जाताना ती उघडतो, झाकतो. अडचण अशी की ताजं मिश्रण आत येत असतानाच जळका धूर बाहेर जात असतो, आणि ताज्यातलं बरंच धुराबरोबर निसटतं. ते टाळायला पूर्वी पिस्टनच्या डोक्यावर उंचवटा ठेवत, पण तो जड होई आणि तापे. डीकेडब्ल्यूनं वापरलेल्या पद्धतीत मिश्रण दोन बाजूंच्या तिरक्या वाटांनी, धुराच्या भोकाकडे पाठ करून येतं. दोन्ही झोत मागच्या भिंतीशी भेटतात, वर चढतात, वळसा घेऊन खाली येतात आणि जुन्या धुराला पुढे रेटत बाहेर काढतात. फिरणारा एकही भाग न वाढवता, केवळ वाटांचा कोन बरोबर ठेवून हे साधलं. पेट्रोलमध्येच तेल घालायचं, दुरुस्ती सोपी, किंमत कमी. पुण्याच्या कायनेटिकनं १९७२ मध्ये आणलेली लूना ज्यांनी चालवली त्यांना दोन ठोक्यांचा तो आवाज आणि निळसर धूर आठवत असेल.

यंत्रं म्हातारी झाली

बँटम १९७१ पर्यंत निघाली, आणि बीएसएही त्यानंतर फार टिकली नाही. सायकल विभाग १९५७ मध्येच रॅले या सायकल कंपनीला विकला होता. ऱ्हासाची कारणं अनेक: वरिष्ठांमधली भांडणं, चुकलेली नवी मॉडेलं, अमेरिकेच्या बाजारावर जास्तच भिस्त. पण इंजिनकडे पाहिलं की एक कारण डोळ्यांनीच दिसतं. बीएसएच्या मोठ्या इंजिनांची क्रँकपेटी, म्हणजे इंजिनच्या तळाची बंद पेटी, उभ्या चिरेनं दुभागलेली असे. तो सांधा थेट खालच्या बाजूपर्यंत, तेल साचतं तिथवर जाई. जुन्या यंत्रांवर केलेल्या पृष्ठभागात जरा फरक पडला की तेल झिरपू लागे. १९६९ मध्ये होंडानं सीबी ७५० आणली तेव्हा तिची पेटी आडवी दुभागलेली होती आणि सांधा तेलाच्या पातळीच्या वर होता. शिवाय बटण दाबून सुरू होणारं इंजिन आणि पुढे डिस्क ब्रेक. त्याच सुमाराची बीएसए रॉकेट ३ धावायला तशीच वेगवान होती, पण तिला किक मारावी लागे आणि ब्रेक ड्रमचे होते.

स्मॉल हीथच्या कामगारांचं कौशल्य कमी पडलं असं मी म्हणणार नाही. १८६१ मध्ये ज्यांनी हातकाम सोडून नवी यंत्रं आणली, त्यांच्या वारसांनी १९६० च्या दशकात ती यंत्रं वेळेवर बदलली नाहीत. गेज कितीही चांगलं असलं तरी झिजलेल्या यंत्राचा माल ते फक्त नापास करू शकतं, सुधारू शकत नाही. १९७३ मध्ये कंपनी नॉर्टन व्हिलियर्स ट्रायम्फमध्ये विलीन झाली.

नावाच्या वाटण्या

त्यानंतर बीएसए हे नाव घराच्या वाटण्या व्हाव्यात तसं वाटलं गेलं. हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकांचा भाग १९८६ मध्ये स्पेनच्या गामोकडे गेला. सायकलीचं नाव रॅलेमार्गे ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स या ब्रिटिश समूहाकडे आलं, आणि तिथून त्यांच्याच सहकार्यानं १९४९ मध्ये मद्रासमध्ये सुरू झालेल्या टीआय सायकल्सकडे. शाळेत नेलेली बीएसए एसएलआर ती हीच. मोटरसायकलचं नाव २०१६ मध्ये मुंबईच्या महिंद्रा समूहातल्या क्लासिक लेजंड्सनं घेतलं. ६५२ सीसीची नवी गोल्ड स्टार आधी ब्रिटनमध्ये आणि १५ ऑगस्ट २०२४ ला भारतात आली.

एक गोष्ट मात्र कुणाच्याच वाटणीला आली नाही, कारण ती सगळ्यांचीच झाली होती. सायकलीच्या फ्रेममध्ये खाली, जिथे पेडलचा आस फिरतो, त्या आडव्या नळीला आतून आटे असतात. मेकॅनिक त्या आसाला बी.बी. एक्सल म्हणतो. बीएसएचे संच इतके पसरले होते की त्या आट्यांचं माप, १.३७ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे, जगभर चालू लागलं. आजही त्या मापाचं नाव बीएसएच आहे.

▣ चौकट: उलटे आटे कशासाठी?

बीएसए मापात उजव्या बाजूची वाटी उलट्या आट्यांची असते. डावं पेडलही उलट्या आट्यांचं. कारण हातात पेन्सिल घेऊन पाहता येतं. डाव्या हाताच्या बोटांचं सैलसर कडं करा, त्यात पेन्सिल उभी घाला, आणि तिचं वरचं टोक कड्याच्या आतल्या बाजूला दाबून धरत गोल फिरवा. टोक ज्या दिशेनं फिरतं त्याच्या उलट दिशेनं पेन्सिल स्वतःभोवती फिरते. पेडलचा दांडाही क्रँकच्या भोकात असाच किंचित गडगडतो. पायाचा भार नेहमी खाली असतो, पण क्रँक फिरत असल्यामुळे भोकाच्या दृष्टीनं तो भार गोल फिरत राहतो. डाव्या बाजूला साधे आटे ठेवले तर पेडल मारता मारता दांडा सुटून येईल. उलटे ठेवले की तोच जोर ते आवळत नेतो. म्हणून डावं पेडल काढताना पाना नेहमीच्या उलट दिशेनं फिरवा, नाहीतर आटे खराब होतील.

या शतकाच्या सुरुवातीला महागड्या सायकली करणाऱ्यांनी पेडलच्या आसाच्या नळीतले हे आटे काढून टाकले. कार्बनच्या फ्रेममध्ये गुळगुळीत भोक ठेवायचं आणि बेअरिंग दाबून बसवायचं. वजन थोडं कमी, फ्रेम करायला सोपी. पण दाबून बसवलेलं बेअरिंग घट्ट राहायचं तर भोकाचं माप फार नेमकं हवं, आणि साच्यात थापलेल्या कार्बनमध्ये ते दर वेळी साधेना. पेडल मारताना कटकट आवाज येतो अशा तक्रारी वाढल्या. शर्यतींसाठी फ्रेम करणाऱ्या काही कंपन्या मग मागे वळल्या. अमेरिकेच्या स्पेशलाइज्डनं २०२० मध्ये आणलेल्या टार्मॅक एसएल७ या सायकलीच्या कार्बन फ्रेममध्ये पेडलच्या आसासाठी पुन्हा आटे आहेत, आणि ते बीएसएच्याच मापाचे आहेत.